बंद म्हणजे काय

कोणी "बटन बंद कर" म्हटलं की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. बायको म्हणते, एवढं काय जळतंय तुमचं त्या शब्दावर. तिला एकदा सगळं सांगून पाहिलं. ती ऐकता ऐकता उठून कुकर बघायला गेली. म्हणून आता लिहून काढतो.

हिंगणा रोडवरच्या एका कारखान्यात संत्र्याचं सरबत बाटल्यांत भरलं जायचं. बाटल्यांची लाइन चालवायला एक रिले पॅनल होतं. लोखंडी कपाट, आत रांगेनं बसवलेले रिले, म्हणजे करंटवर आपोआप चालणारे स्विच, आणि दिवसभर त्यांची टकटक. कुठला रिले चिकटला, कुठली तार सैल झाली, हे हुडकत बसायचं ही आमची नोकरी. आम्ही म्हणजे मी आणि माझा गाववाला. खरं तर त्याचं गाव वेगळं, माझं वेगळं, पण दोन्ही नरखेड तालुक्यातली आणि मध्ये फक्त एक नाला, म्हणून नागपुरात तो माझा गाववाला. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा एकत्र केला, एकाच सुमारास मेंटेनन्सला लागलो, आणि बर्डीजवळ एका खोलीत दोघं राहायचो. भात तो लावायचा, भाजी मी करायचो.

साल पंच्याऐंशीच्या आसपासचं असेल. कारखान्याचा मालक लकडगंजातला, घरचा इमारती लाकडाचा ठोक धंदा. यंत्रातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यानं कुठून तरी ऐकलं की मुंबईकडं रिलेची कपाटं भंगारात निघाली आणि त्यांच्या जागी टिफिनएवढा कंट्रोलर बसतो. त्यात तारा बदलाव्या लागत नाहीत, नुसता प्रोग्राम बदलला की लाइन वेगळी चालते. झालं, त्यालाही तो पाहिजे झाला. आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावून त्यानं सांगितलं की दोघांनाही शिकायला पाठवतो, पण कंट्रोलर एक आहे आणि त्याला माणूसही एकच पाहिजे. कोर्सच्या शेवटी तोंडी परीक्षा. त्यात जो वर राहील तो पुढचं शिकायला पुण्याला जाणार आणि परत आल्यावर प्रोग्रामला हात फक्त त्याचाच लागणार. दुसऱ्यानं मोटारी, बेअरिंग आणि ग्रीस सांभाळायचं. मालकानं हे हसत हसत सांगितलं आणि आम्हीही हसलो. बाहेर टपरीवर चहा पिताना आम्ही ठरवलं की कोणाचंही झालं तरी त्यानं दुसऱ्याला शिकवायचं. असं ठरवायला काय लागतं.

मला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, जीव टांगला होता माझा त्यात. बापाच्या संत्र्याच्या बगिच्यात परत जायचं नव्हतं आणि ग्रीसमध्ये जन्म काढायचा नव्हता. आणि दुसरं म्हणजे, मला ते काम आवडायला लागलं होतं, अजून हातात आलंही नव्हतं तेव्हापासून.

कोर्स रामदासपेठेत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. कंट्रोलर विकणाऱ्या कंपनीनं पुण्याहून एक सर पाठवले होते. पहिले काही दिवस सोप्यातलं, ते सगळ्यांसाठी. मग पुढचा अवघड भाग, त्यात निरनिराळ्या कारखान्यांतले मोजकेच लोक आणि आम्ही दोघं. सगळ्यांमध्ये शिकवण्याचं किट एकच. त्याला हातात धरायचा एक प्रोग्रामर जोडलेला, कॅल्क्युलेटरसारखा, लाल आकडे दाखवणारा. त्याच्यावर आपला नंबर लागेपर्यंत आम्ही कागदावरच प्रोग्राम लिहायचो. शिकवणं इंग्रजीत, मध्ये मध्ये हिंदी. सर शिकवायचे मात्र झकास. हे मला आजही कबूल करावं लागतं, आणि त्याचाच जास्त राग येतो.

पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, सर, हे असं काहून होते? सरांनी खडू खाली ठेवला. काहून म्हणजे कुठून, असं त्यांनी सगळ्या वर्गाला विचारलं. वर्गात अर्धे नागपूरचेच होते, पण हसले सगळे. त्या दिवसापासून गाववाला वर्गात "का बरं" म्हणायला लागला. खोलीवर आला की बूट काढायच्या आधीच परत काहूनवर. मला त्याची गंमत वाटायची. तेव्हा गंमतच वाटली, खोटं काय सांगू. आणि आता बघा, हे सगळं मी "मला" आणि "तुला" लावूनच लिहितोय. "मले" लिहिलं तर छापणारा दुरुस्त करून टाकेल.

रिलेवर वाढलेल्या माणसाला सगळ्यात जड काय जातं, तर कंट्रोलर सगळीकडं एकदम बघत नाही हे. कपाटातले रिले एकाच वेळी आपापलं काम करत असतात. कंट्रोलर मात्र प्रोग्रामची पहिली ओळ वाचतो, मग दुसरी, मग तिसरी, शेवटपर्यंत जातो आणि परत वर येतो. हे इतक्या झपाट्यानं होतं की आपल्याला सगळं एकदम झालंसं वाटतं. त्यामुळं एकाच मोटारीला दोन ओळींत दोन निराळे हुकूम दिले तर शेवटच्या ओळीचं चालतं, वरची कितीही बरोबर असो. गाववाल्याला हे काही केल्या उतरेना. वरच्या ओळीत मोटार चालू केली ना मी, मग चालत काहून नाही, म्हणून तो खोलीत हात आपटायचा. शेवटी मी त्याला विचारलं की घरी आई म्हणाली जत्रेला जा आणि मग बाप म्हणाला नको जाऊ, तर तू जातो का? तो म्हणाला, नाही. मग झालं तर, म्हटलं. एवढ्यानं त्याच्या डोक्यात शिरलं. हे त्याला मी शिकवलं, सरांनी नाही, हे इथं सांगून ठेवतो.

शेवटी शेवटी शिफ्ट रजिस्टर आलं. नाव भारी आहे, गोष्ट साधी. बाटली भरण्याच्या जागी एक डोळा बसवलेला असतो, त्याला कळतं की ही बाटली रिकामी राहिली. पण तिला पट्ट्यावरून बाजूला ढकलणारा दांडा बराच पुढं असतो. मधल्या वाटेत ती बाटली कुठवर आली, हे कंट्रोलरला लक्षात ठेवावं लागतं. त्यासाठी त्याच्या आत एका रांगेत खण. पट्टा एक बाटली सरकला की सगळ्या खणांतली खूणही एकेक घर पुढं. खूण शेवटच्या खणात आली की दांडा मारायचा. वेग बदलला, पट्टा मध्येच थांबला, दोन बाटल्या लागोपाठ रिकाम्या आल्या, तरी चुकता कामा नये.

आमच्याकडं किट नव्हतं, म्हणून आम्ही खोलीच्या फरशीवर बाटल्यांची बुचं मांडून हे केलं. तो बुचं सरकवायचा, मी कंट्रोलर. मी डोळे मिटून बसायचो आणि बरोबर वेळेला म्हणायचो, मार. पहिल्यांदा बरोबर रिकाम्या बाटलीचं बूच उडालं तेव्हा आम्ही दोघंही येड्यासारखे ओरडलो आणि खालून घरमालकीण ओरडली. तसा आनंद मला पुढं लग्नातही झाला नाही. बायकोनं हे वाचू नये.

परीक्षा कारखान्यातच झाली, पॅनलच्या खोलीत. सर, मालक, आणि आम्ही दोघं समोरासमोर. आधी गाववाल्याला विचारलं. त्यानं पाठ केलेल्या इंग्रजीत उत्तरं दिली, चांगली दिली. मग माझी पाळी. शिफ्ट रजिस्टरचं मी कागदावर काढून दाखवलं, सरांनी मान डोलावली. पण बोलताना माझी इंग्रजी अडखळायला लागली. ते बघून मालकाला माझी कणव आली. तो म्हणाला, "मराठी में पूछिए ना साहब, अपने घर के लड़के हैं." दया करायला निघालेल्या माणसानं एवढं वाटोळं केलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

स्टॉपचं बटन कसं जोडतात ते इथं सांगणं भाग आहे. ते न दाबता त्यातून करंट वाहत असतो. दाबलं की वाट तुटते आणि मशीन थांबतं. मुद्दाम तसं करतात, म्हणजे उद्या बटनाची तार तुटली तरी मशीन थांबावं, कोणाचा हात जाऊ नये. वाट जुळलेली असते तेव्हा इंग्रजीत त्याला क्लोज्ड म्हणतात. अख्ख्या कोर्सभर आम्ही क्लोज्डच म्हणत आलो होतो. त्याला मराठीत काय म्हणायचं हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. सरांना तो त्या क्षणी पडला आणि त्यांनी तो जागच्या जागी सोडवून टाकला.

"स्टॉप बटन बंद आहे," सर म्हणाले. "कन्व्हेअर चालेल की थांबेल?"

"थांबेल," मी म्हणालो. विचारसुद्धा केला नाही. जन्मल्यापासून बंद म्हणजे करंट नाही, हे मला ठाऊक. विहिरीवरची मोटार बंद, म्हणजे पाणी नाही. बत्ती बंद, म्हणजे अंधार.

"बरं. त्या बटनाची तार तुटली, म्हणजे ते उघडं झालं, तर?"

"तरी थांबेल."

सर खुर्चीत मागं टेकले. "बंद असलं तरी थांबेल, उघडं असलं तरी थांबेल. मग तुमचा कन्व्हेअर चालतो कधी?"

मालक सगळ्यात मोठ्यानं हसला. मलाही क्षणभर काही कळेना. मग डोक्यात लख्ख उजेड पडला की सरांनी क्लोज्डचं बंद करून टाकलं आहे. पण तोवर कान तापले होते, आणि मला राग आला की जीभ घरचा रस्ता धरते. मी म्हणालो, सर, बंद म्हंजे करंट नाई, असं समजून राहिलो मी. सर म्हणाले, राहिलात? कुठं राहिलात? मालक परत हसला. माझी बोलती बंद झाली. हा बंद कुठल्या अर्थाचा, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

सर तसे दुष्ट नव्हते. त्यांना वाटलं असेल, बिचाऱ्याला एक संधी द्यावी. ते गाववाल्याकडं वळले. "तुम्हीही त्याच भागातले ना? मग तुम्ही सांगा. तुमच्याकडे बंद म्हणजे काय?"

बस, एवढंच होतं. एक वाक्य बोलायचं होतं त्याला. सर, आमच्याकडं लाइट गेली की बंद म्हणतात, त्याला येतं सगळं, तुम्ही इंग्रजीत विचारा. एवढं बोलला असता तर दुसरा प्रश्न आला असता, त्याचं उत्तर मी दिलं असतं, आणि मग जे व्हायचं ते झालं असतं. हरलो असतो तर हरलो असतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग मालकाकडं पाहिलं. मग सरांकडं बघून म्हणाला, "बंद म्हणजे क्लोज्ड, सर."

म्हणजे याच्या बापाच्या विहिरीवर मोटार बंद असली की पाटाला पाणी धो धो येत होतं म्हणायचं! रोज खोलीत झोपायच्या आधी हा मला सांगायचा, बत्ती बंद कर गा, आणि मी उठून कधी बत्ती लावली नाही. मालकाच्या लकडगंजातल्या दुकानावर बंदची पाटी लागली की गिऱ्हाइकं रांग लावत होती काय? त्या खोलीतल्या बाकी तिघांपैकी दोघांना तो शब्द माझ्याच अर्थानं ठाऊक होता. एक हसला आणि दुसरा इंग्रजी बोलला.

परत येताना वाटेत तो मला समजावत राहिला. मालक समोर होता गा, मी काय करणार होतो. मग म्हणाला, "मी खोटं तं नाई बोललो." खरंच, खोटं तो बोललाच नव्हता. क्लोज्डला मराठीत बंद म्हणतात, कोणतीही डिक्शनरी काढा. तीच तर गोम होती. खोटं बोलला असता तर मी त्याची कॉलर धरली असती.

तो पुण्याला गेला आणि शिकून आला. मी तोवर दुसरी खोली पाहिली. एका रविवारी तो नव्या खोलीचा पत्ता काढत आला, हातात बाकरवडीचा पुडा. दारातच म्हणाला, "मायासंग काहून बोलून नाई राहिला गा?"

मी म्हणालो, "बोलतो आहे की. आपण बसा ना."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. "आपण काय बे, लेका," म्हणून तो हसला आणि माझ्या पाठीत धपाटा घालायला हात उचलला. मी विचारलं, आपल्याला पाणी आणू का? हात तसाच खाली आला. मग तो खुर्चीच्या कडेवर बसला, पाणी प्यायला, पुण्याच्या हवेबद्दल काहीबाही बोलला आणि गेला. बाकरवडी मी खाल्ली नाही. शेजाऱ्यांना दिली.

त्यानंतर कारखान्यात रोज गाठ पडायची आणि मी रोज आपण म्हणायचो. आपल्या प्रोग्राममध्ये तिसरा टायमर कमी पडतोय. आपण जरा येऊन बघाल का. भांडलो असतो तर बरं झालं असतं, भांडण मिटतं. आपण म्हटल्यावर माणसाला भांडायला जागाच राहत नाही. त्यानं आधी हसण्यावारी नेलं, मग तो चिडला, मग त्यानंही सोडून दिलं आणि मला अहो-जाहो करायला लागला. एवढी वर्षं एका ताटात जेवलेली दोन माणसं, आणि लोकांना वाटायचं किती सभ्य आहेत. मी बेअरिंग बदलली, ग्रीस भरलं. रिकामी बाटली त्याच्या प्रोग्रामनं दर वेळी बरोबर बाजूला पडायची. त्याचं काम चांगलं होतं. ते वाईट असतं तर माझं जगणं सोपं झालं असतं.

त्याच काळात मी बाकीचं शिकत राहिलो. बेरीज-वजाबाकी करणारे हुकूम, प्रोग्रामचा एकच तुकडा चार ठिकाणांहून बोलावून वापरायची पद्धत, सगळं. त्याला एक प्रश्न विचारला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं ते मी कंपनीच्या इंग्रजी पुस्तकातून महिना महिना चाचपडत काढलं. विचारलं नाही. मरून गेलो असतो पण विचारलं नसतं.

दशक संपता संपता त्याला पुण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली. मेंटेनन्सच्या सगळ्यांनी स्टेशनवर जायचं ठरवलं, मीही गेलो. गाडी सुटायच्या आधी तो मला जरा बाजूला घेऊन म्हणाला, "जाता जाता एकडाव अबे तं म्हण लेका." त्याचे डोळे भरले होते, हे मला दिसलं. दिसलं नाही असं म्हणणार नाही. मी म्हणालो, आपण सांभाळून जा. गाडी गेली आणि आम्ही सगळे स्टेशनबाहेर पोहे खायला गेलो.

मग ती जागा मालकानं मला दिली. परीक्षा कोणी घेतली नाही. दुसरं कोणी नव्हतंच. पुढं छोट्या बाटल्यांची नवी लाइन आली आणि तिचा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी लिहिला. लाइन चालू करायच्या दिवशी कंपनीकडून तपासायला तेच सर आले. केस पिकले होते. माझं नाव त्यांना आठवत नव्हतं, आणि ती परीक्षाही आठवत नव्हती. मी इतकी वर्षं तिच्यावर जगलो, आणि ह्यांना आठवण नाही.

पट्टा सुरू झाला. मी मुद्दाम दोन बाटल्या लागोपाठ रिकाम्या सोडल्या, आणि मध्येच स्टॉप दाबून पट्टा थांबवला, परत चालू केला. बाटल्या दांड्यापाशी आल्या. पहिली गेली बाजूला. दुसरीही गेली. माझ्या छातीत असं काही भरून आलं की मी बाजूला कोण आहे हे न बघताच बोलून गेलो, "पाह्य बे, गेल्या दोनी!"

सर म्हणाले, "काय म्हणालात?"

"बघा सर, दोन्ही गेल्या, असं म्हणालो," मी लगेच म्हणालो. कोणी शिकवलं नाही, जीभ आपली आपण वळली. त्या दिवशी पॅनलच्या खोलीत गाववाल्यालाही एवढाच वेळ लागला असेल.

"वा," सर म्हणाले. "प्रोग्रामही छान आणि तुमचं मराठीही शुद्ध. विदर्भातले वाटत नाही तुम्ही."

मी थँक्यू म्हणालो. त्या माणसाला मी थँक्यू म्हणालो.